गाडीचा टेप बोटीवर चढतो तेव्हा

जुलैचा शेवटचा आठवडा उत्तन, पाली आणि चौकच्या किनाऱ्यावर हातघाईचा असतो. १ जूनपासून लागलेली ६१ दिवसांची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि त्याआधी वर ओढून ठेवलेल्या बोटी पाण्यात घालण्याजोग्या करायच्या असतात. रंग काढायचा, जाळी सांधायची, इंजिनाचं ऑइल बदलायचं, डिझेल-बर्फाची सोय बघायची. या यादीच्या अगदी तळाशी, पण खलाशांच्या मनात बरंच वर, आणखी एक काम असतं: टेप लावणं. कॅसेट कधीच गेली, आताच्या सेटमध्ये पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ असतं, तरी पुष्कळांच्या तोंडी नाव टेपच राहिलं आहे.

मीरा-भाईंदर म्हटलं की लोकलची गर्दी आणि टोलेजंग इमारती डोळ्यांपुढे येतात. त्याच महापालिकेच्या पश्चिम टोकाला मात्र दर्यावर जगणारी ही कोळीवाड्यांची गावं आहेत आणि तिथली डोलीची मासेमारी रेडिओला फार सोयीची आहे. डोल जाळं एका जागी बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. पाण्याचा ओढा बोंबील, जवळा, करंदी आत ढकलतो आणि पाणी फिरायच्या सुमारास जाळं ओढून घ्यायचं असतं. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो. एवढा वेळ समुद्रात नुसतं थांबायचं, तेही बहुधा इंजिन बंद ठेवून. मग गाणी हवीतच. आणि इंजिन बंद असताना लागलेल्या गाण्यांचा हिशेब शेवटी बॅटरीला चुकवावा लागतो.

खास बोटींसाठी बनवलेले सेट बाजारात मिळतात, पण त्यांच्या किमती पाहून माणूस गाडीच्या सेटकडे वळतो. त्यात गैर काही नाही, आतलं यंत्र जवळजवळ तेच असतं. अडचण सेटमध्ये नसून सेटच्या सवयींमध्ये आहे. मोटारगाडी त्याला बऱ्याच गोष्टी फुकट देते: वीज परत न्यायला लोखंडी शरीर, एरियलला आधार म्हणून तेच शरीर, सेट वाजत असताना बहुधा चालू असलेलं इंजिन, डोक्यावर कोरडं छप्पर. लाकडाच्या किंवा फायबरच्या बोटीत यातलं काहीच नाही. बोटीवर टेप बसवणं म्हणजे ही उणीव एकेक करून वायरीने भरून काढणं.

पहिली उणीव परतीच्या वाटेची. गाडीत बॅटरीचं मायनस थेट बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे सेटची काळी वायर जवळच्या कुठल्याही स्क्रूखाली दाबली तरी काम भागतं. गाड्यांच्या मेकॅनिकला हा सराव इतका अंगवळणी पडलेला असतो की बोटीवर आल्यावरही त्याचा हात एखाद्या बोल्टकडे जातो. लाकूड वीज नेत नाही, फायबरही नाही. मग तो इंजिनाचा पाइप किंवा सुकाणूचा लोखंडी दांडा शोधतो आणि गाणं लागतं. नुकसान पाण्याखाली होतं. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. परतीचा प्रवाह जरासा जरी धातूच्या सामानातून पाण्यात झिरपू लागला तरी तो जिथून बाहेर पडतो तिथला धातू सोबत घेऊन जातो. शाळेत शिकलेलं विद्युत विघटन ते हेच. फॅराडेच्या नियमाने हिशेब केला तर दशांश अँपिअरचा प्रवाह वर्षभर सतत वाहिला तर सुमारे एक किलो तांबं विरघळवतो. बोटीचा पंखा तांब्याच्याच मिश्रधातूचा असतो. पंख्याजवळ बसवलेला जस्ताचा ठोकळा अशी झीज काही प्रमाणात स्वतःवर घेतो, पण चुकीची जोडणी त्यालाही भराभर खाऊन टाकते. म्हणून बोटीवरचा नियम एकच: जितक्या वायरी प्लसच्या तितक्याच मायनसच्या, आणि दोन्ही थेट बॅटरीपर्यंत.

दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्याव्यात. याचं कारण सुकाणूजवळच्या होकायंत्रात आहे. वाहत्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जाणारी आणि येणारी वायर शेजारी असली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारून टाकतात, लांब लांब असल्या तर सुई हलवतात. स्पीकरचा लोहचुंबक तर कायमचाच. जीपीएस आल्यापासून होकायंत्राकडे कुणी बघत नाही असं म्हणतात. जीपीएस बंद पडतं त्या रात्री सगळे बघतात. स्पीकर पक्का करण्याआधी हातात धरून होकायंत्राजवळून फिरवावा आणि ज्या अंतरापासून सुई जागची हलत नाही त्याच्याही पलीकडे तो बसवावा. मीटरभर अंतर बहुधा पुरतं.

प्लसच्या वायरीवर फ्यूज हवा, आणि तो सेटजवळ नव्हे, बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज सेट वाचवण्यासाठी असतो हा समज सगळीकडे आहे. सेटचा स्वतःचा लहान फ्यूज पाठीमागे असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवण्यासाठी, म्हणजे खरं तर बोट वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून सेटपर्यंतची लांब वायर कुठे घासून उघडी पडली आणि मायनसला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर लालबुंद होते, आणि खाली डिझेलने माखलेल्या फळ्या असतात. फ्यूज बॅटरीजवळ असला की त्यापुढची सगळी लांबी त्याच्या राखणीत येते.

वायरीची जाडी हा दुसरा दुर्लक्षित विषय. समजा बॅटरीपासून केबिनपर्यंत दहा मीटर अंतर आहे. वीज जाऊन परत येते, तेव्हा हिशेबाला वीस मीटर. घरातल्या दिव्यांना वापरतात तसल्या दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो, म्हणजे वीस मीटरला पाव ओहमहून थोडा अधिक. सेटने पाच अँपिअर ओढले की वाटेतच १.३ व्होल्ट जातात. घरच्या २३० व्होल्टमध्ये एवढी गळती कुणाला कळणारही नाही, बारा व्होल्टमध्ये ती दहावा हिस्सा आहे. ढोलकीच्या थापेला सेटचा दिवा मिचकतो, कधी सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि दोष चिनी मालाला दिला जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तीच गळती अर्ध्या व्होल्टवर येते.

वायर कल्हईची मिळाली तर उत्तम. तांब्याच्या भांड्याला आतून कथिलाचा मुलामा देतात तसा या वायरीच्या प्रत्येक तारेला दिलेला असतो. साध्या तांब्याच्या वायरीत खारट ओल टोकाकडून शिरते, तारांमधल्या फटींतून आत आत सरकते आणि तांबं काळं-हिरवं पडत जातं. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र नवं दिसत राहतं. जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणं हा प्रकार बोटीवर एक हंगामही टिकत नाही. नुसता कथिलाचा डागही पुरेसा नाही: डाग दिलेला भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने तो जिथे संपतो तिथेच तार तुटते. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवावा, त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. सेटपाशी पोचण्याआधी वायरीला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथून ठिबकतं, सेटमध्ये शिरत नाही.

आता सेटच्या पाठीमागचा वायरींचा झुबका. रंगांचा सर्वसाधारण संकेत असा: पिवळी कायमच्या पुरवठ्याची, लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी, काळी मायनस. सेटवरची चिठ्ठी तेवढी पडताळून घ्यावी. पिवळ्या वायरीवर सेटचं घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं जिवंत राहतात आणि त्यासाठी ती बंद सेटमध्येही थोडा प्रवाह घेत राहते. गाडी एकदोन दिवसांनी चालवली जाते, तिथे हे कळत नाही. बोट ६१ दिवस किनाऱ्यावर पडून असते. दहा मिलिअँपिअरच धरले तरी ६१ दिवसांचे १,४६४ तास होतात आणि बॅटरीतून १४ ते १५ अँपिअर-तास निघून जातात. त्यात बॅटरीची स्वतःची झीज मिळवा. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तो नंतर चार्जिंगने सहसा निघत नाही. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी इंजिन उठत नाही तेव्हा पावसाला शिव्या मिळतात. पिवळी आणि लाल एकत्र करून एकाच बटणावर घ्यावी, झालं. घड्याळ पुसलं जाईल, पण समुद्रावर वेळ सांगायला त्याची गरज नाही.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही दोन शब्द. ‘५० वॉट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर चार ओहमचा असतो. या दोन आकड्यांतून स्वच्छ सुरासाठी एका स्पीकरला जास्तीत जास्त २६ वॉट निघतात. याहून अधिक भौतिकशास्त्र देत नाही. पन्नास येतात कुठून? आवाज इतका फोडला की सुरांच्या लाटेचे माथे सपाट होऊन तिचा चौकोन बनला, तर ५१-५२ वॉट होतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा गाण्याचा नसून किंचाळीचा आहे. इंजिन बंद असताना, बॅटरीच्या १२.४ व्होल्टवर, स्वच्छ आवाजाचे १९ वॉटच हाती लागतात. तेव्हा मोठा आवाज हवा असेल तर वॉटच्या मागे न लागता स्पीकरची संवेदनशीलता बघावी. ८६ डेसिबलच्या जागी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तितक्याच आवाजाला चौथाई वीज पुरते. स्पीकरचा पडदा कागदाचा नसावा, दमट हवेत तो लगदा होतो, पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा.

स्पीकरच्या वायरी जोडताना एक जुनी सवय महागात पडते. पूर्वीच्या टेपमध्ये दोन्ही स्पीकरचं मायनस एकच असे, त्यामुळे तीन वायरींत काम भागवता येई. आताच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा दाब असतो आणि त्या एकमेकींच्या उलट हलतात. त्यातली एक काळ्या वायरीला जोडली किंवा दोन स्पीकरचं ‘मायनस’ एकत्र बांधलं, की आतला ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो किंवा जळतो. पांढरी डाव्या पुढच्या स्पीकरची, करडी उजव्या पुढच्या, हिरवी डाव्या मागच्या, जांभळी उजव्या मागच्या. आणि प्रत्येकीची काळी रेघ असलेली जोडीदार. बोटीवर दोनच स्पीकर असतील तर उरलेल्या वायरींची टोकं वेगवेगळी झाकून ठेवावीत. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तर काही जळत नाही, पण एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावं: सेलचं प्लस जिथे लावल्यावर पडदा बाहेर येतो ते स्पीकरचं प्लस.

मोठ्या इंजिनांच्या बोटींवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि गाडीचा सेट १२ व्होल्टचा. मग दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढायची युक्ती ट्रकवाल्यांपासून सगळे करतात. ती चालतेही, काही महिने. ज्या बॅटरीवरून टेप चालतो ती रोज थोडी अधिक उतरते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून एकच प्रवाह देतो. एक सतत उपाशी राहते, दुसरीला अजीर्ण होऊन तिचं पाणी उडतं, आणि दोन्ही वेळेआधी संपतात. त्यापेक्षा २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्यावा. तोही चांगल्या प्रतीचा, कारण स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत खरखर ओततो.

इंजिन बंद असताना मध्यम आवाजात सेट दोन अँपिअर घेतो असं धरलं तर सहा तासांच्या थांब्यात बारा अँपिअर-तास जातात. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणजे हाती पन्नासच. त्यात दिवे, जीपीएस, मासे शोधायचं यंत्र, आणि शिवाय डिझेल इंजिन उठवायला क्षणभर शेकडो अँपिअर लागणार. टेप आणि दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवून इंजिन उठवणारी बॅटरी त्यांच्यापासून स्विचने अलग करणं हा खर्च मला टेपच्या खर्चापेक्षा आधीचा वाटतो.

सेट लागला, आणि इंजिनाबरोबर वरखाली होणारी ‘कुंई’ ऐकू येऊ लागली, तर ती अल्टरनेटरची. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोल गाडीची टकटक इथे नाही. पण अल्टरनेटरच्या विजेतली लहर वायरीतून थेट सेटमध्ये चढते. पुरवठा आणि परतीची वायर बॅटरीच्या टर्मिनलवरूनच घेतली की निम्मी तक्रार मिटते, कारण बॅटरी स्वतःच ही लहर पुष्कळशी गिळते. उरलेली फिल्टरने जाते. आवाज इंजिन बंद असतानाही येत असेल तर एकेक करून एलईडी दिवे बंद करून पाहावेत. या दिव्यांच्या आतलं सर्किट रेडिओ लहरी सोडतं, आणि प्रश्न फक्त गाण्यांचा नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये जहाजांना इशाराच दिला होता की एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ संच बधिर होऊ शकतात.

एरियलमध्ये गाडीची उणीव सर्वांत जास्त जाणवते. एफएमची लहर तीन मीटरची. गाडीची पाऊण मीटरची काडी त्या लहरीचा चौथा हिस्सा असते आणि उरलेलं काम गाडीचं पत्र्याचं छप्पर करतं. फायबरच्या केबिनवर तीच काडी लावली तर ती लंगडी पडते. उपाय सोपा आहे: पाऊण मीटरच्या दोन तारा, एक वर आणि एक खाली, मधोमध केबल, आतली तार वरच्या तारेला, बाहेरची जाळी खालच्या तारेला. हा अर्ध्या लहरीचा एरियल लाकडी पट्टीवर पक्का करून उंच बांधावा. लोखंडी डोलकाठीला चिकटवू नये.

उंचीला महत्त्व आहे, कारण एफएम क्षितिजापलीकडे फारसं जात नाही. किलोमीटरमधलं अंतर काढायचं ढोबळ सूत्र असं: एरियलच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले चार. शंभर मीटर मनोऱ्याचे चाळीस किलोमीटर आणि बोटीवरच्या चार मीटर काडीचे आठ, मिळून पन्नासच्या आत. त्याच्या बऱ्याच आधी स्टिरिओ फसफसू लागतो. एफएम स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्याची बेरीज मुख्य लहरीवर जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर. ही वजाबाकी गोंगाटाला फार हळवी असते. किनारा मागे पडू लागला की सेटवरचं मोनोचं बटण दाबावं. फसफस थांबते, आणि केबिनच्या एका कोपऱ्यात बसलेल्याला डावं-उजवं तसंही कळत नव्हतं.

त्याही पुढे गेल्यावर मीडियम वेव्ह. आकाशवाणीचं मुंबईचं मीडियम वेव्ह प्रक्षेपण मालाडहून होतं, म्हणजे उत्तनच्या दक्षिणेला, मनोरीच्या खाडीपलीकडून. अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. तिची लहर साडेपाचशे मीटरच्या घरातली. इतकी लांब लहर पृष्ठभागाला धरून चालते, आणि ती किती दूर जाईल हे खालच्या पृष्ठभागावर ठरतं. समुद्राचं पाणी सुक्या जमिनीपेक्षा हजारपटीच्या आसपास चांगला विद्युतवाहक आहे, त्यामुळे डोंगराकडे जाताना जी वाहिनी लवकर विरते ती दर्यावर कितीतरी दूरवर ऐकू येते. एवढं असून आजचे कित्येक स्वस्त सेट फक्त एफएमचे असतात. दुकानात ब्लूटूथची चौकशी सगळे करतात. मीडियम वेव्ह आहे का, हेही विचारावं. कोकण किनाऱ्याला ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळाने गाठलं तो महिनाही असा की समुद्र शांत धरून बोटी बाहेर असतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला तरी तो खोल समुद्रातून दिसत नाही, मोबाइलची रेंज किनाऱ्याबरोबर मागे पडलेली असते, आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आकाशवाणीवरून मराठीत येतो.

बोलायचा रेडिओ म्हणजे व्हीएचएफ, तो वेगळा. त्याला परवाना लागतो आणि त्याचा १६ नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेसाठी जगभर राखलेला आहे. त्याची वायर, त्याचा फ्यूज आणि त्याचा एरियल टेपपासून पूर्ण अलग ठेवावा. टेपचा फ्यूज उडाला तर व्हीएचएफ चालू राहिला पाहिजे, आणि व्हीएचएफ २५ वॉटने बोलत असताना शेजारच्या एफएम काडीतून तो धक्का सेटमध्ये शिरता कामा नये. दोन्ही एरियलमध्ये निदान मीटरभर अंतर असावं. टेपचं बटण तांडेलच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, हाताशी असावं. खलाशी गाण्यात असतात तेव्हा १६ नंबरवरची हाक त्यालाच आधी ऐकायची असते, आणि ती ऐकण्यासाठी केबिनभर हात चाचपडत बटण शोधावं लागलं तर उरलेली सगळी जोडणी बिनचूक असूनही उपयोग नाही.